बादलीचे राजकारण

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला, तेव्हापासून टेबलाभोवती किती नगरे वसली नि किती जळाली, देव जाणे! खेळात एकजण सूत्रधार. त्याने नगरे रचायची, बाकीच्यांनी त्यांत पराक्रम गाजवायचे. माझी तक्रार ह्या सूत्रधारांबद्दल आहे. त्यांना ड्रॅगन पटवून देता येतो, नगरपालिका नाही. एक नगर गोरेगोमटे, दुसरे काळेकुट्ट; आणि त्याला ह्याचा राग का, तर ते दुष्ट आहे म्हणून! अहो, शेजारच्या गावाशी भांडायला दुष्टच कशाला असावे लागते? पूल कुणाचा आणि जकात कुणी घ्यायची, एवढे पुरते.

इटलीतली बोलोन्या आणि मोदेना ही शहरे बघा. एक पोपच्या पक्षाचे, दुसरे सम्राटाच्या. आता पोप तेव्हा पार आव्हिन्योंला बसलेला. खरी हातघाई सरहद्दीवरच्या गढ्यांसाठी. १३२५ साली झाप्पोलिनोला लढाई झाली, मोदेनावाले जिंकले आणि जाताजाता म्हणे बोलोन्याच्या विहिरीवरची लाकडी बादली घेऊन गेले. पुढे लोकांनी युद्धच बादलीपायी झाले, असे ठरवून टाकले. तास्सोनी नावाच्या कवीने तर १६२२ साली त्यावर विनोदी महाकाव्य छापले. बादली अजून मोदेनातच आहे.

भांडणाचे कारण एक, झेंड्यावर दुसरे आणि लोकांच्या तोंडी तिसरेच. एवढे जमले की नगर खरे वाटते. मग खेळाडूंना खजिना शोधायला पाठवू नका. बादली परत आणायला पाठवा. वेशीपर्यंत पोचायच्या आत त्यांच्यातच दोन पक्ष पडतील.