लेखणी आणि पेटी

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मध्यंतरी आम्हांस मोठ्या पेचात टाकले. हा गृहस्थ एका जाहिरात-कचेरीत मजकूर लिहिण्याचे काम करतो. काम कल्पकतेचे आहे, वेतन बरे आहे, आणि त्याला ते मनापासून आवडतेही. तथापि त्याचा खरा जीव आहे तो कवितांना चाली लावण्यात. तो म्हणाला, “सर, दिवसभर शब्द जुळवून घरी येतो, पेटीपुढे बसतो, बोटे चालतात, पण चाल सुचत नाही. नोकरी रटाळ असती तर तिला दोष तरी देता आला असता!” आम्ही त्यास दिवसाची आखणी कशी करावी, याविषयी चार ठराविक गोष्टी ऐकविल्या. त्याने त्या नम्रपणे ऐकून घेतल्या व तो निघून गेला. तो गेल्यावर आमचे आम्हांसच उमगले की, त्याने विचारले होते एक आणि आम्ही सांगितले भलतेच. प्रस्तुत लेख हे त्या चुकीचे परिमार्जन होय.

या प्रश्नाचा विचार करू लागताच आमच्या डोळ्यांसमोर उभे राहतात ते पु. ल. देशपांडे (१९१९–२०००). मराठी घरांत त्यांचे नाव ठाऊक नाही असे घर विरळा. पण त्या नावाबरोबर आठवतो तो विनोदी लेखक, नाटककार व एकपात्री प्रयोग करणारा नट, आणि मग कोणीतरी पुस्ती जोडतो, “ते पेटीही छान वाजवीत, चालीही लावीत.” आमचा आक्षेप आहे तो या ‘ही’ला. दत्तोपंत राजोपाध्ये यांच्याकडे लहानपणी पेटीचे धडे गिरविणारा हा मुलगा लेखक म्हणून सर्वतोमुखी होण्यापूर्वीच संगीतकार झाला होता. आणि संगीतकार म्हणून त्याचे मोल स्वतंत्रपणे व्हावे, इतके ते काम कसदार आहे.

हे काम मुख्यतः १९४७ नंतरच्या काही वर्षांतले. ‘देव पावला’ (१९५०) या चित्रपटातील माणिक वर्मा यांनी गायिलेले कबीराचे गीत घ्या, किंवा ‘देवबाप्पा’ (१९५३) मधील आशा भोसले यांनी गायिलेले मोराचे बालगीत घ्या. दोन्ही गीते ग. दि. माडगूळकरांची. पहिल्यात भक्ताच्या घरातील शांतता आहे, तर दुसऱ्यात पावसात भिजणाऱ्या पोरांचा दंगा. दोहोंची प्रकृती अगदी भिन्न असूनही संगीतकाराची एक खूण दोहोंतही सापडते : चाल शब्दाच्या पुढे धावत नाही. शब्दाचा स्वाभाविक उच्चार जेथे थांबतो तेथेच स्वर विसावतो. कवीच्या ओळीवर आलापाचे ओझे पडत नाही. मोराचे ते गीत पिढ्यानपिढ्या बालवाडीतील मुले कोणीही न शिकविता उचलतात, याचे इंगित आमच्या मते एवढेच आहे. लेखकाचा कान आणि गवयाचा कान एकाच माणसापाशी असला म्हणजे काय साधते, याचा हा पुरावा होय.

याच वर्षी आलेल्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटाची कथा त्यांची, दिग्दर्शन त्यांचे, संगीत त्यांचे आणि नायकाची भूमिकाही त्यांचीच. लोकांनी त्याला ‘सबकुछ पु. ल.’ असे नाव दिले व ते कौतुकाने मिरविलेही. परंतु आज पाऊणशे वर्षांच्या आसपास काळ लोटल्यावर त्या ‘सबकुछ’पैकी सर्वांत जिवंत काय उरले आहे? ज्यांनी तो चित्रपट कधी पाहिला नाही, ते लोकही त्यातील भीमसेन जोशी यांनी गायिलेले इंद्रायणीकाठचे गाणे भक्तिभावाने म्हणतात. पुष्कळांस ते चित्रपटातील आहे याचीही कल्पना नसते. ज्या गुणाला आपण ‘ही’ लावून बाजूस सारतो, तोच कधी कधी सर्वांवर मात करून टिकतो, तो असा.

आता नोकरीकडे वळू. १९५५ साली पु. ल. आकाशवाणीत गेले. कार्यक्रम कल्पणे, ते लिहून घेणे, बसविणे हे तेथील काम. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याच्या नोकरीप्रमाणेच प्रतिभेवर चालणारे. या नोकरीने त्यांच्या संगीताला दिलेही, आणि त्याच्याकडून घेतलेही. मंगेश पाडगांवकरांची ‘बिल्हण’ ही संगीतिका नभोवाणीसाठी झाली, तिला पु. लं.नी चाली लावल्या, आणि जितेंद्र अभिषेकी यांच्या गळ्यातून ‘शब्दावाचून’ या आरंभाचे जे गीत निघाले, ते आजही रसिकांच्या ओठांवर आहे. कवी, गायक व संगीतकार यांना एका छपराखाली आणणारी ती संस्था नसती, तर हे गीत कदाचित झालेच नसते. पण गंमत पाहा : याच संस्थेने १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीला आपल्या स्टुडिओत मज्जाव केला होता. ज्याचा हात पेटीवरच घडला, त्याने पेटीला दार बंद असलेल्या वास्तूत रोज कामास जावे! कल्पक नोकरी ही कलावंताला माहेर वाटते खरी. परंतु त्या माहेरातही एखादी खोली कुलूपबंद असतेच.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. ‘तुझे आहे तुजपाशी’ (१९५७), ‘बटाट्याची चाळ’ (१९५८), ‘व्यक्ती आणि वल्ली’ (१९६२) अशा एकामागून एक कृती आल्या. महाराष्ट्राने त्यांस डोक्यावर घेतले, आणि लेखनाचा व रंगमंचाचा व्याप वाढला तसतशा नव्या चाली विरळ होत गेल्या. याचे कारण विचारले असता लोक चटकन म्हणतात, “वेळ कोठून मिळणार?” आम्हांस हे कारण अपुरे वाटते. पु. लं.चे जिवलग स्नेही वसंतराव देशपांडे यांचेच उदाहरण पाहा. त्यांनी अनेक वर्षे पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकुनी केली. दिवसाचे तास त्यांचेही जातच होते. परंतु आकड्यांच्या बेरजेत त्यांच्या गाण्यातील एक स्वरही खर्च होत नव्हता. संध्याकाळी ते गावयास बसत तेव्हा देह थकलेला असेल. स्वर मात्र अनाघ्रात असे. १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ मधील खाँसाहेबांच्या रूपाने तो साठा महाराष्ट्रासमोर उघडा झाला. याच्या उलट, लेखनाचे वा कार्यक्रम रचण्याचे काम ज्या विहिरीतून पाणी काढते, तीच विहीर चालीलाही लागते. दिवसभर मोट चालवून रात्री पुन्हा पोहरा सोडला, तर तळाशी गाळ लागावा यात नवल ते काय? रटाळ नोकरी माणसाचे तास घेते. रंजक नोकरी त्याचे पाणी घेते. आमच्या विद्यार्थ्याचे दुखणे नेमके हेच होते, आणि आम्ही त्यास घड्याळ दाखवीत बसलो!

यावर कोणी म्हणेल की, पु. लं.चे संगीत नाहीसे झाले नाही, ते त्यांच्या गद्यात उतरले. यात पुष्कळ तथ्य आहे. त्यांचे वाक्य वाढत जाते, वळसे घेते, आणि नेमक्या समेवर येऊन हशा पिकविते. त्यांनी गवयांची व बेळगावच्या ‘रावसाहेबां’सारख्या गानवेड्यांची जी चित्रे काढली, ती मैफलीत आयुष्य घालविल्यावाचून काढता येणारी नव्हेत. हे सर्व आम्हांस मान्य आहे. तथापि या युक्तिवादाने स्वतःचे समाधान करून घेणे आम्हांस रुचत नाही. गद्यातील लय ही गद्याची शोभा. तिने एका न झालेल्या गाण्याची भरपाई होत नाही. मराठी भावगीताचा एक थोर संगीतकार आपल्या हातून अर्धा निसटला, आणि तो आपल्याच टाळ्यांनी निसटला, असे म्हणणे प्राप्त आहे. आपण त्यांच्याकडे सदैव आणखी एक विनोद मागितला. आणखी एक चाल मागणारे थोडेच निघाले.

असे असूनही पु. लं.नी एक गोष्ट अखेरपर्यंत हातची जाऊ दिली नाही. स्नेह्यांच्या घरगुती बैठकीत वसंतराव गाऊ लागले की ते पेटीवर साथीला बसत. तेथे मागणी नव्हती, मुदत नव्हती, आणि नवे काही निर्माण करण्याचा धाकही नव्हता. साथ करणाऱ्यास विहीर उपसावी लागत नाही; दुसऱ्याच्या पाटाचे पाणी आपल्या मळ्यातून जाऊ द्यावे लागते. विहिरीला पुन्हा झरे फुटतात ते कदाचित अशाच वेळी.

आमच्या विद्यार्थ्यास आम्ही आता पत्र लिहिले आहे. नोकरी सोड असे त्यात म्हटलेले नाही. ती सोडून निभाव लागेल असे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. एवढेच कळविले आहे की, रात्रीचा पोहरा सोडून दे आणि पहाटेची पहिली घागर चालीसाठी भर. कचेरीला उरलेले पाणी पुष्कळ होईल. आणि ज्या दिवसांत तेवढेही जमणार नाही, त्या दिवसांत एखाद्या गाणाऱ्या मित्रामागे पेटी धरून बस. पण पेटीवर धूळ बसू देऊ नकोस. यातून किती चाली निघतील हे आम्ही सांगू शकत नाही. मात्र पुढच्या खेपेस तो येईल तेव्हा त्याच्याकडे जाहिरातीची खबर न विचारता, आधी नवी चाल ऐकव, असे म्हणण्याचे आम्ही ठरविले आहे. मागणाऱ्यांचीही काही जबाबदारी असतेच.