जशीच्या तशी

बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या डीटीपीच्या दुकानात जुन्या लॅपटॉपची हार्डडिस्क बदलायची वेळ आली की दोन वाटा समोर असतात. पहिली सगळ्यांच्या ओळखीची. नवी डिस्क बसवायची, विंडोज टाकायचं, मग एकेक सॉफ्टवेअर टाकत जायचं. दुसरी क्लोनची. जुन्या डिस्कची नक्कल नव्या एसएसडीवर उतरवायची आणि विंडोजला आपण नव्या घरात आलो आहोत याचा पत्ताही लागू द्यायचा नाही. मला ही दुसरी वाट मनापासून आवडते. तिच्यात वेळ वाचतो हे खरं, पण मी तिच्याकडे पाहतो ते एक कारागिरी म्हणून. चांगला क्लोन हा वाचण्यासारखा असतो, ओळीओळीनं.

आधी तो या भागात इतका मोलाचा का, ते सांगायला हवं. इथल्या दुकानातल्या एकाच यंत्रावर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी असते, बेंगळुरूच्या सायबरस्केपची आकृती असते आणि कन्नड गणक परिषदेची नुडीही असते. लग्नपत्रिकेची एक बाजू मराठी, दुसरी कन्नड. तंबाखूच्या व्यापाऱ्याचं बिलबुक, गणेश मंडळाची पावती, ग्रामपंचायतीची नोटीस, सगळं त्याच पडद्यावर जुळवलं जातं. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, तेव्हा कितीतरी लेटरहेडांची आणखी एकेक फाईल तयार झाली.

यातलं बरंचसं काम पेजमेकरमध्ये पडून आहे. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, आली २००१ साली. तिला युनिकोड कळत नाही. तिथलं मराठी अक्षर म्हणजे रोमन अक्षराच्या जागी बसवलेला आकार. फाईलला फक्त क्रमांक आणि फॉन्टचं नाव आठवतं. तो फॉन्ट नसेल तर पत्रिकेवर गणरायाच्या नावाऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा ढिगारा उमटतो. फॉन्टची आवृत्ती बदलून अक्षराच्या रुंदीत जराही फरक पडला, तर ओळी सरकतात आणि शेवटचा आहेराचा मजकूर चौकटीबाहेर जातो. निवडलेला प्रिंटर बदलला तरी मांडणी हलू शकते. सॉफ्टवेअरचं कुठलं लॉक कुठल्या ड्रायव्हरवर चालतं, कीबोर्डची कुठली मांडणी मालकाच्या बोटांत बसली आहे, हे कुठेही लिहिलेलं नसतं. नव्यानं विंडोज टाकणाऱ्याला हे सगळं माहीत असावं लागतं. क्लोन करणाऱ्याला ते माहीत असण्याची गरज पडत नाही. पोथ्या उतरवणारे जुने लेखनिक अखेरीस नोंदवून ठेवत, की समोर जसं दिसलं तसं लिहिलं आहे. क्लोनचा धर्म नेमका तोच आहे.

आता प्रत्यक्ष काम पाहू. क्लोनझिला हे तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात घडलेलं मोफत साधन. ते पेनड्राइव्हवरून सुरू करतात, आणि इथंच पहिली समज दिसते. चालू विंडोज स्वतःच्याच फाईली क्षणाक्षणाला बदलत असतं. दोन्ही डिस्का निजलेल्या असताना काढलेली नक्कल एकाच क्षणाची असते. मग क्लोनझिला एनटीएफएसमधला एक नकाशा वाचतं. डिस्कवरच्या प्रत्येक तुकड्यासाठी तिथं एक बिट असतो. भरलेल्या तुकड्याचा बिट एक, रिकाम्याचा शून्य. पाचशे जीबीच्या डिस्कवर दीडशे जीबी भरलेलं असेल, तर तेवढंच उचललं जातं. उचललेला प्रत्येक तुकडा मात्र नव्या डिस्कवर त्याच क्रमांकाच्या जागी ठेवला जातो. रिकाम्या जागाही आपापल्या ठिकाणी रिकाम्या राहतात. नवी डिस्क लहान असेल, तर विभाग, म्हणजे पार्टिशन, आधी आक्रसून घ्यावा लागतो तो यामुळेच.

माझी सगळ्यात आवडती जागा डिस्कच्या अगदी तोंडाशी आहे. जुन्या पद्धतीच्या डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यातले पहिले ४४० बाइट यंत्र उठवणाऱ्या आज्ञांचे. पुढचे चार बाइट डिस्कची सही. त्यानंतर दोन बाइट सोडून ६४ बाइटांत चार विभागांचा पत्ता आणि शेवटी दोन बाइटांची खूण. या चार बाइटांच्या सहीवर मी कितीही वेळ बोलू शकेन. विंडोज आपल्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, सी ड्राइव्हची ओळख लिहितं ती बारा बाइटांत: चार बाइट ही सही, आठ बाइट विभाग कुठून सुरू होतो ते अंतर. कंपनीचं नाव नाही, आकार नाही. म्हणून सहीसकट नक्कल उतरली की विंडोजच्या दृष्टीनं डिस्क बदललेलीच नसते. आणि म्हणूनच जाणता माणूस क्लोन झाल्यावर पहिल्यांदा यंत्र सुरू करण्याआधी जुनी डिस्क बाहेर काढतो. एका सहीच्या दोन डिस्का एकदम दिसल्या तर विंडोज एकीला बाजूला ठेवतं. तिथं कुणी बटण दाबून सही बदलू दिली, की जी ओळख जपण्यासाठी एवढा खटाटोप केला तीच पुसली जाते.

पण हुबेहूबपणाच्या या नियमाला एक अपवाद करावा लागतो, आणि खरा कस तिथं लागतो. एक्सपीच्या काळात पहिला विभाग ६३ व्या सेक्टरपासून सुरू व्हायचा. म्हणजे ३२,२५६ बाइट. या आकड्याला ४०९६ नं भाग जात नाही. एसएसडीला ४०९६ च्या पटीतल्या जागा रुचतात. तिथून सरकलेली मांडणी तिला प्रत्येक लिखाणात जादा काम लावते. व्हिस्टापासून सुरुवात २०४८ व्या सेक्टरवर आली, नेमका एक एमबी. एक्सपीची डिस्क जशीच्या तशी उतरवली तर दोषही उतरतो. सुरुवात सरकवली तर नोंदवहीतलं अंतर चुकतं आणि विभागाच्या पहिल्या सेक्टरमधला एक आकडाही बदलावा लागतो. नक्कल कुठं मोडायची आणि मोडल्यावर काय काय सांधायचं, हे ज्याला कळलं त्याचा क्लोन मी आदरानं पाहतो. नव्या पद्धतीच्या, म्हणजे जीपीटी, डिस्कवर हाच प्रश्न शेपटाशी येतो. तिथं पत्त्यांची दुसरी प्रत अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये संपते. डिस्क मोठी झाली की ती प्रत नव्या टोकाला न्यावी लागते.

डिस्कमध्ये बॅड सेक्टर असतील तर क्लोनझिला बाजूला ठेवून डीडीरेस्क्यू घ्यावं. अंतोनियो दियाझ दियाझ यांनी लिहिलेलं हे साधन माझ्या मते या सगळ्या प्रकारातलं सर्वांत समंजस. आजारी डिस्कचं प्रत्येक वाचन तिचं आयुष्य कमी करू शकतं, हे गृहीत धरून त्याचा क्रम बांधलेला आहे. अडलेल्या ठिकाणी ते हटून बसत नाही, पुढं उडी मारतं आणि सहज मिळेल ते आधी गोळा करतं. दुसऱ्या फेरीत उलट्या दिशेनं येतं. मग अडलेल्या पट्ट्यांच्या दोन्ही कडा तासतं, आणि सगळ्यात शेवटी आतला एकेक सेक्टर खरवडतं. याची नोंद एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये होत जाते. मिळालेल्या भागापुढे अधिक, गेलेल्यापुढे उणे, कडा तासायच्या राहिलेल्यापुढे तारका, खरवडायच्या राहिलेल्यापुढे तिरकी रेघ, अजून हात न लावलेल्यापुढे प्रश्नचिन्ह. मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढं सुरू होतं. ती फाईल काम चालू असताना अधूनमधून उघडून पाहावी. प्रश्नचिन्हं आणि तारका ओसरत अधिकची चिन्हं पसरत जातात, तेव्हा एक डिस्क वाचते आहे हे डोळ्यांना दिसतं. नंतर चेकडिस्क चालवायची ती नकलेवर. मूळ डिस्कवर कधीही नाही.

वेगाबद्दल थोडंच. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो तुकडा डोक्याखाली यायला सरासरी साडेपाच. शेकडो फॉन्टच्या छोट्या फाईली उघडताना हीच वाट पुन्हा पुन्हा पाहावी लागते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. ऐन लग्नसराईत, गिऱ्हाईक प्रूफ घ्यायला दारात उभं असताना, हा फरक दुकानदाराला लगेच जाणवतो.

क्लोननं फॉन्टचा मूळ प्रश्न सुटत नाही, हेही खरं. पत्रिका, बिलबुकं, मंडळांचे अहवाल कधी ना कधी युनिकोडमध्ये आणावेच लागतील, मराठीही आणि कन्नडही. ते काम फाईलगणिक प्रूफ वाचत करायचं आहे, आणि त्यासाठी जुना मजकूर बरोबर दाखवणारं एक यंत्र शेवटपर्यंत चालू राहायला हवं.