अमर्त्यांचे वर्ष, मर्त्यांचे वय

अद्भुतकथेतील कालगणनेचा विचार करताना मराठी अभ्यासकाला प्रथम आठवते ती पुराणांतील रेवतीची कथा. कन्येसाठी योग्य वर कोण, हे विचारण्यास ककुद्मी तिच्यासह ब्रह्मलोकी गेला. तेथील गायन संपेपर्यंत तो थांबला, आणि तेवढ्यात भूलोकी सत्तावीस चतुर्युगे लोटली. येथे दोन काळ दोन स्थळी विभागलेले आहेत. स्थळ बदलले की मापही बदलते. मनुष्यांचे एक वर्ष म्हणजे देवांचा एक अहोरात्र, हे गुणोत्तर याच व्यवस्थेचा भाग होय.

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कादंबरीत ही सोय नाही. तेथे अमर्त्य एल्फ आणि मर्त्य माणसे एकाच सूर्याखाली नांदतात. साहजिकच प्रश्न स्थळाचा न राहता देहाचा होतो.

टॉल्किन यांनी या प्रश्नाला दोन उत्तरे दिली आहेत. पहिले गणिती आहे. कादंबरीच्या परिशिष्टात एल्फांचे 'येन' हे दीर्घवर्ष १४४ सौर वर्षांचे सांगितले आहे. कार्ल हॉस्टेटर यांनी संपादित केलेल्या 'द नेचर ऑफ मिडल-अर्थ' (२०२१) या ग्रंथातील टिपणांत एल्फांच्या वाढीची आणि वयाची गुणोत्तरे टॉल्किन पुन्हा पुन्हा मांडताना आणि मोडताना दिसतात. त्यांत एकास १४४ हे प्रमाण प्रमुख आहे. दुसरे उत्तर कथेच्या ओघात येते. लोथलॉरियनच्या वनातून बाहेर पडल्यावर चंद्रकला पाहून सॅम गोंधळतो. थोडेच दिवस राहिलो असे वाटत असताना महिना सरलेला असतो. तेथे काळ थांबतो काय, या शंकेवर लेगोलस हा एल्फ सांगतो की काळ कोठेच थांबत नाही. एल्फांना तो वेगवान वाटतो, कारण ते स्वतः फारसे बदलत नाहीत आणि भोवतालचे सारे सरत जाते. तो संथही वाटतो, कारण ते स्वतःपुरती वर्षे मोजीत नाहीत.

ही दोन उत्तरे परस्परपूरक आहेत काय? आर्वेनच्या कथेवर त्यांची पारख करता येते. तिचा जन्म तिसऱ्या युगाच्या २४१व्या वर्षीचा, तर विवाह ३०१९मधला. विवाहसमयी ती २,७७८ वर्षांची आणि अ‍ॅरागॉर्न ८८ वर्षांचा आहे. १४४ने भागले की ती सुमारे एकोणीस वर्षांची ठरते, आणि विवाह वयाच्या दृष्टीने सुसंगत वाटू लागतो. परंतु याच गणिताने त्यांचे सुमारे १२२ वर्षांचे सहजीवन एका येनाहूनही अपुरे ठरते. आर्वेनने अमरत्व सोडून नेमके जे पत्करले, ते म्हणजे मर्त्यांचे वर्ष आपले म्हणून जगणे. भागाकार तिच्या या निवडीलाच निरर्थक करतो.

गुणोत्तराने अमरत्वाचे रूपांतर मंद वार्धक्यात होते. अमर्त्य हा केवळ दीर्घायुषी माणूस ठरतो आणि दोहोंमधील भेद संख्येपुरता उरतो. आर्वेनचा शोक मात्र संख्येचा नाही. २१० वर्षांचा अ‍ॅरागॉर्न स्वेच्छेने देह ठेवतो, तेव्हा मर्त्यांच्या मरणाचा अर्थ तिला प्रथमच उमगतो. आधीच्या शतकांच्या संचयातून तिला त्याची पूर्वकल्पना मिळू शकली नव्हती. कारण ती वर्षे तिने मोजलीच नव्हती.

टॉल्किन यांच्या टिपणांतील गणित म्हणूनच व्यर्थ नव्हे. कल्पित विश्वाला आतून सुसंगत ठेवण्याची लेखकाची नैतिक जबाबदारी त्यातून दिसते. मात्र ती टिपणे कादंबरीचे भाष्य म्हणून वाचणाऱ्या समीक्षेने एक भान ठेवावयास हवे. या कादंबरीची शोकात्मता दोन कालमानांच्या अपरिवर्तनीयतेवर उभी आहे. त्यांचे परस्परांत रूपांतर करून देणारे कोष्टक हाती आले, की कालक्रम सुटतो. आर्वेनची कथा मात्र सुटत नाही.