पदक आणि शेरा

कबीर खान यांच्या ‘चंदू चॅम्पियन’ (2024) या हिंदी चित्रपटाचे नायक आहेत सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झालेल्या या जवानाने 1972 साली हायडेलबर्ग येथील अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले. पद्मश्रीस मात्र 2018 साल उजाडावे लागले. कार्तिक आर्यन यांचे परिश्रम प्रशंसनीय आहेत. अर्जुन पुरस्कार नाकारल्याची फिर्याद घेऊन वृद्ध नायक पोलीस ठाण्यात येतो, ही योजनाही कल्पक आहे. परंतु उपेक्षा जणू पुरस्काराचीच, असा तिचा अर्थ होतो. तो पुरस्कार 2025 साली मिळाला. म्हणजे सरकार ऋणमुक्त झाले काय?

ज्याला पदक नाही, त्या अपंग जवानाचे काय? आम्हां लखनौकरांस उत्तर दूर शोधावयास नको. येथील सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या खंडपीठापुढे अपंगत्व-निवृत्तिवेतनाचे दावे येतात. ‘व्याधी सेवेमुळे नव्हे’ एवढ्या शेऱ्यावर मागणी फेटाळलेली असते. भरतीच्या वेळी नोंद नसलेली व्याधी सामान्यतः सेवेमुळेच जडली असे मानावे, सिद्धतेचा भार जवानावर नसावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली धरमवीर सिंग खटल्यात सांगितले. तरीही दावे येतच राहिले.

तो शेरा लिहिणारी लेखणी आमच्यासारख्याच कुणा सरकारी नोकराच्या हाती असते. चित्रपटाने तिच्याकडे पाहिले असते, तर आम्हांस नुसते डोळे पुसून घरी जाता आले नसते.