रेडिओतले नेते

तैवानचा राजकीय इतिहास मी नेत्यांच्या यादीवरून शिकलो. १९८७ मध्ये च्यांग चिंग-क्वो यांनी लष्करी कायदा उठवला, १९९६ मध्ये ली तंग-हुई थेट मतदानाने अध्यक्ष झाले, २००० मध्ये कुओमिंतांगची सत्ता गेली. होउ श्याओ-श्येन यांचा ‘अ सिटी ऑफ सॅडनेस’ (१९८९) पाहिल्यावर ही यादी मला संशयास्पद वाटू लागली.

चित्रपटात एकही नेता दिसत नाही. जपानी सम्राटाची शरणागती रेडिओवरून येते. १९४७ च्या उठावात गव्हर्नर चेन यी यांची आश्वासनेही तिथूनच. छायाचित्रकार वेन-चिंग बहिरा आहे. त्याला यातले काहीच ऐकू येत नाही, अटक मात्र होते. कत्तल पडद्याबाहेर ठेवली, हा आक्षेप मला निम्माच पटतो. मारणारे कोण होते हे अंधुक राहते, हे खरे. पण घरातली माणसे एकेक करून कमी होतात ती दिसतात.

आणि यादीत १९८६ कुठे आहे? नवे पक्ष काढायला बंदी असतानाच डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पक्ष स्थापन झाला, तो तुरुंगाची तयारी ठेवूनच. श्रेय मात्र कायदा उठवणाऱ्याच्या नावावर जमा होते.

चित्रपटाच्या शेवटी उरलेले कुटुंब जेवायला बसते. मग अक्षरे उमटतात: डिसेंबर १९४९, सरकार तैवानात आले.