कॉटनबाईंची उलटी गिटार

उतारवयात एकट्याने मंचावर परतणाऱ्या कलावंताविषयी लिहिताना 'पुनरागमन' हा शब्द फार सहज वापरला जातो. या शब्दामागे एक गृहीत दडलेले असते : कलावंत आपल्या इच्छेने गेला होता आणि त्याची जागा त्याच्यासाठी राखून ठेवलेली होती. अमेरिकेतील काळ्या लोकगायिका एलिझाबेथ कॉटन यांच्या बाबतीत यातले काहीच खरे नाही.

कॉटनबाईंचा जन्म १८९३ चा, नॉर्थ कॅरोलिनातला. पोरवयात दुसऱ्यांच्या घरी राबून, महिन्याला डॉलरभर मजुरीतून पैसे साठवून त्यांनी पावणेचार डॉलरची गिटार घेतली. बाई डावखुऱ्या, तारा उजव्या हाताच्या माणसाच्या सोयीने लावलेल्या. त्यांनी तारा बदलल्या नाहीत, वाद्यच उलटे धरले. त्यामुळे सुरावट अंगठ्याकडे आली आणि खर्ज बोटांकडे गेला. 'फ्रेट ट्रेन' हे गाणे याच काळातले, अकरा-बारा वर्षांच्या मुलीचे. पुढे लग्न, मूल, आणि ऐहिक गाणी सोडण्याचा चर्चमधल्या वडीलधाऱ्यांचा आग्रह. गिटार सुटली ती काही दशके.

नंतर वॉशिंग्टनमधल्या एका दुकानात हरवलेली मुलगी त्यांनी आईपाशी पोचवली. त्या आईने, संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर यांनी, त्यांना घरकामाला ठेवले. त्या घरात गिटार होती. येथून पुढची हकिगत नेहमी 'शोधा'ची म्हणून सांगितली जाते. सीगर मंडळी सहृदय होती, याबद्दल वाद नाही. माइक सीगर यांनी बाईंच्या घरी जाऊन ध्वनिमुद्रण केले नसते तर १९५८ ची पहिली तबकडी निघाली नसती. पण मोलकरणीचा शोध मालकाच्या घरातच लागावा लागतो, हेही नोंदले पाहिजे. 'लिबा' हे त्यांचे प्रसिद्ध नावसुद्धा त्या घरातल्या मुलांनी ठेवलेले. (आम्ही म्हणून कॉटनबाई म्हणतो.) शिवाय तबकडी निघण्यापूर्वीच, १९५७ मध्ये, 'फ्रेट ट्रेन' इंग्लंडमध्ये चास मॅक्डेव्हिट आणि नॅन्सी व्हिस्की यांच्यामुळे गाजले होते, रचना मात्र भलत्याच दोघांच्या नावे नोंदलेली. गाणे समुद्रापलीकडे पोचले तेव्हा गाणे रचणारी अजून लोकांच्या घरी कामच करीत होती.

१९६० साली, सदुसष्टाव्या वर्षी, त्या पहिल्यांदा जाहीर कार्यक्रमात वाजवायला बसल्या.

सन हाऊस यांची हकिगत याहून विचित्र. १९३० मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या या ब्लूज गायकाला १९६४ साली गोऱ्या तरुणांनी रोचेस्टरमध्ये शोधून काढले. त्यांना जुनी गाणी आठवेनात, तेव्हा ॲलन विल्सन या विशीतल्या गोऱ्या मुलाने त्यांना त्यांचीच गाणी पुन्हा शिकवली. श्रोत्यांना १९३० चा माणूस हवा होता. मधली रेल्वेतली मजुरी कोणालाच ऐकायची नव्हती.

कॉटनबाईंकडे असा जुना नमुना नव्हता, त्यामुळे त्यांची कोणी नक्कल मागू शकले नाही. १९८३ ची 'एलिझाबेथ कॉटन लाइव्ह!' ही तबकडी ऐकावी. आवाज थकलेला आहे, खालच्या पट्टीतला आहे. वय पाहून त्याला मधुर म्हणणे ही दया होईल, आणि दयेची समीक्षा आपण आपल्या लेखकांबाबत पुष्कळ भोगली आहे. या तबकडीत श्रेष्ठ आहे तो अंगठा. आवाज थांबतो तेथे तो सुरावट पुढे नेतो, घाई न करता. गाण्यांच्या मधे बाई वाद्य कसे हाती आले ते सांगतात, श्रोत्यांना आपल्याबरोबर गायला लावतात. एकटी बसलेली ही बाई मंच घरासारखा वापरते; तिला कोणी परत आणले आहे असे क्षणभरही वाटत नाही.

या तबकडीला १९८५ साली ग्रॅमी मिळाले. मैफलींच्या कमाईतून बाईंनी सिरॅक्यूजमध्ये स्वतःचे घर घेतले होते. १९८७ मध्ये त्या वारल्या. २०२२ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला तो 'आरंभीचा प्रभाव' या सदराखाली, म्हणजे पुन्हा इतरांच्या गाण्याआधीची पायरी म्हणून.