उपकृताचा आवाज : पंडिता रमाबाईंच्या अमेरिकाविषयक ग्रंथाच्या निमित्ताने

पंडिता रमाबाईंचा ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ १८८९ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाला. मराठी प्रवासवाङ्मयाच्या इतिहासात त्याचा उल्लेख नियमाने होतो, आणि स्त्रीविषयक विचारांच्या इतिहासात तर तो टाळताच येत नाही. परंतु या दोन्ही वाटांनी येणारा अभ्यासक ग्रंथातील एका भागावरून सहसा घाईने पुढे जातो. तो भाग म्हणजे अमेरिकेतील धर्मपंथ आणि परोपकारी संस्था यांचा परामर्श. निराश्रित, अंध, मूकबधिर अशांसाठी सामान्य नागरिकांनी, विशेषतः स्त्रियांनी, स्वेच्छेने उभारलेल्या कार्याचे जे दर्शन येथे घडते ते केवळ माहितीवजा आहे, अशी समजूत झाल्यामुळे टीकाकारांनी त्याची उपेक्षा केली असावी. वस्तुतः ग्रंथातील सर्वांत अवघड प्रश्न याच भागात दडलेला आहे. परोपकाराच्या वर्णनात उपकार करणारा बोलतो, उपकृत बहुधा मुकाच राहतो. आणि येथे तर वर्णन करणारी लेखिका स्वतःच उपकृतांच्या पंक्तीतून उठून आलेली आहे.

हे विधान अलंकारिक नव्हे. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई हे दोघेही १८७४ मध्ये मद्रास इलाख्यातील दुष्काळात थोड्या आठवड्यांच्या अंतराने वारले. त्या वेळी रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या. पाठोपाठ थोरली बहीण गेली, १८८० मध्ये बंधू श्रीनिवासशास्त्री गेले आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारीही निवर्तले. वैद्यकीचे शिक्षण घ्यावे या हेतूने १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेस घेऊन त्या इंग्लंडला पोहोचल्या. परंतु त्यांचे कान अधू होते आणि या एका कारणाने तो मार्ग खुंटला. वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला आणि चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात अध्ययन व अध्यापन यांची सोय झाली. परदेशातील दयाळू लोकांच्या आधारावर जगणारी, ऐकू कमी येणारी, आईबापांवेगळी स्त्री, असेच त्यांचे वर्णन त्या काळच्या एखाद्या धर्मादाय संस्थेच्या वहीत झाले असते.

या आश्रयकाळातील पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित करून १९७७ मध्ये प्रकाशात आणला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचे मोल फार आहे. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे की नाही, धर्ममताविषयी कोणाचे ऐकावे, मनोरमेचे संगोपन कोणाच्या मताने व्हावे, हे प्रश्न त्यांच्या वतीने बिशपांनी आणि भगिनींनी सोडवावयास घेतले. तेव्हा रमाबाईंनी दिलेली उत्तरे अत्यंत आदरयुक्त आणि तितकीच ठाम आहेत. आभार मानणे वेगळे, आज्ञा मानणे वेगळे, हा भेद त्यांनी कधी पुसट होऊ दिला नाही. भगिनी जेराल्डीन यांच्या मनात रमाबाईंविषयी खरी माया होती, हे पत्रांवरून स्पष्ट दिसते. ज्याला आधार दिला त्याने आपल्या विवेकाची किल्लीही आपल्याच हाती द्यावी, ही त्यांची अपेक्षाही तितकीच स्पष्ट दिसते. परोपकाराचा हा पेच दुष्ट माणसांमुळे निर्माण होत नाही. सज्जनांच्या घरातच तो अधिक बिकट होतो.

इतका ताजा अनुभव गाठीशी बांधून रमाबाई आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियास उतरल्या आणि पुढे सुमारे पावणेतीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. अशा लेखिकेकडून परोपकारी संस्थांचे आतून घेतलेले दर्शन अपेक्षावे, तर ग्रंथ वाचकाची निराशा करतो. समुद्रप्रवासाचा भाग सोडला तर लेखिका मागे सरते आणि ‘लोकस्थिती’ पुढे येते. शीर्षकातील शब्दांचा क्रमच पाहावा. ‘प्रवासवृत्त’ तेथे दुसऱ्या स्थानी आहे. संस्थांच्या वर्णनात वाक्याचा कर्ता बहुधा मंडळी, सभा, संघ असा असतो. लोक एकत्र येतात, वर्गणी जमवितात, घर बांधतात, शिक्षक नेमतात; आणि ज्यांच्यासाठी हे चालले आहे ते त्या वाक्यांच्या शेवटी चतुर्थीत उभे असतात.

या शैलीमागे निश्चित प्रयोजन आहे, हे मान्य केले पाहिजे. राजाज्ञेवाचून आणि जातीच्या बंधनावाचून माणसे संघटित होऊ शकतात, ही गोष्ट १८८९ च्या मराठी वाचकास पटवून द्यावयाची होती. तॉकव्हिल या फ्रेंच विचारवंताने अमेरिकेवरील आपल्या ग्रंथात, ज्याचे दोन भाग १८३५ आणि १८४० मध्ये निघाले, याच संघटनशक्तीचे विवेचन केले आहे. पण तो शासनपद्धतीचा जिज्ञासू होता आणि रमाबाईंस मायदेशी जाऊन विधवांसाठी गृह काढावयाचे होते. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने त्यासाठी दहा वर्षे साहाय्य करण्याचे ठरविले होते. म्हणून त्यांची नजर कारभाऱ्याची आहे. दया किती आहे यापेक्षा ती कशी चालविली जाते, पैसा कोठून येतो, दार कोण उघडते, याकडे त्यांचे लक्ष अधिक. मराठी गद्यात ‘भूतदया’ हा शब्द पुराणिकाच्या आसनावरून ऐकण्याची सवय असलेल्या वाचकास ही नजर अगदी नवी होती. आणि जेथे नीग्रो व मूळचे इंडियन लोक यांच्यावरील अन्यायाचा विषय निघतो तेथे हीच संयत लेखिका उघडपणे पीडितांची बाजू घेते. सहानुभूती तिच्या ठायी नव्हती, असे म्हणण्यास मुळीच जागा नाही.

तरीही उणीव राहतेच, आणि ती एका तुलनेने अधिक ठळक होते. हॅरिएट मार्टिनो ही इंग्लिश लेखिका १८३४ ते १८३६ या काळात अमेरिकेत हिंडली. तीही बहिरी होती, कानाला नळी लावून संभाषण करीत असे. प्रवासास निघाली त्याच वर्षी तिने बहिऱ्यांना उद्देशून एक पत्ररूप निबंध प्रसिद्ध केला होता आणि आपले बहिरेपण वाचकांपासून लपविले नव्हते. त्यामुळे बधिरांविषयी ती लिहिते तेव्हा तिच्या शब्दांस एक निराळा अधिकार प्राप्त होतो. ‘हे’ आणि ‘आम्ही’ यांतील भिंत तेथे पातळ होते. रमाबाईंस हा अधिकार अधिकच होता, पण या ग्रंथात त्यांनी तो वापरला नाही. योगायोग असा की, त्या अमेरिकेत असतानाच, मार्च १८८७ मध्ये, अ‍ॅन सलिव्हन ही वीस वर्षांची मुलगी अलाबामातील टस्कंबिया गावी हेलन केलरला शिकविण्यासाठी दाखल झाली. आई मेलेली, बाप सोडून गेलेला, दृष्टी अधू, बालपणाची काही वर्षे ट्यूक्सबरीच्या अनाथालयवजा धर्मशाळेत गेलेली, अशी ही मुलगी बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत शिकली होती. उपकृताने देणाऱ्याच्या जागी जाऊन बसण्याचे याहून मोठे उदाहरण त्या शतकात नसेल. मदत घेणारा पुढे कोण होतो, या प्रश्नाचे उत्तर त्या देशात त्याच वर्षी घडत होते. संस्थांच्या वर्णनात गुंतलेल्या ग्रंथाने तो प्रश्न विचारलेला नाही.

ग्रंथाने न विचारलेला प्रश्न पुढे लेखिकेच्या कार्याने विचारला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस निघालेले शारदा सदन १८९० मध्ये पुण्यास गेले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठले; रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील आणि १९०० मध्ये गुजरातेतील निराधार मुली व स्त्रिया यांना रमाबाईंनी दौंडजवळच्या केडगावास आणले. तेथील मुक्ती सदनात १९०० च्या सुमारास जवळजवळ दोन हजार माणसे होती. आता प्रवासाची दिशा उलटली. मिनी एब्रम्स यांच्यासारख्या अमेरिकन स्त्रिया, तशाच इंग्लंड-ऑस्ट्रेलियातील स्त्रिया, सेवेसाठी स्वतःहून केडगावास येऊ लागल्या. त्यांना सामावून घेणारी, त्यांची कामे ठरविणारी व्यक्ती मात्र मराठी स्त्री होती. परदेशी स्वयंसेवकांच्या इतिहासात ही गोष्ट सामान्य नाही. वाँटेजच्या पत्रांत रमाबाईंनी जे मागितले होते ते त्यांनी केडगावी स्वतःच्या हाताने घडविले.

दुष्काळात आलेल्यांमध्ये अंध मुलीही होत्या. त्यांच्यासाठी ‘बार्तिमी सदन’ निघाले. शुभवर्तमानातील आंधळ्या भिकाऱ्याच्या नावावरून हे नाव घेतलेले आहे. मनोरमाबाईंनी परदेशी ब्रेल लिपी शिकून ती या मुलींस शिकविली. येथे परोपकाराचा अर्थ बदलतो. अंध मुलीस जवळ घेणे हे कोणाही कनवाळू मनुष्यास जमेल. सहा ठिपक्यांची लिपी शिकून ती मराठी वर्णमालेशी जुळविणे, ती बोटांखाली उतरेपर्यंत रोज शिकविणे यासाठी विद्या लागते आणि वर्षे लागतात. १८८७ मध्ये अमृतसरला अ‍ॅनी शार्प यांनी आणि १९०० मध्ये मुंबईस अ‍ॅना मिलर्ड यांनी अंधशाळा काढल्या, त्यांचेही खरे भांडवल हेच होते. या सर्व कार्यास धर्मप्रसाराची जोड होती, आणि ज्या मुलीस जाण्यास दुसरे घर नाही तिची संमती कितपत स्वतंत्र मानावी, हा १८९३ च्या टीकाकारांचा प्रश्न त्यांच्या जातीय अभिनिवेशासह फेटाळून चालणार नाही. तो प्रश्न वाँटेजच्या रमाबाईंनीही विचारला असता.

भोकरदन तालुक्यातील हसनाबादसारख्या गावातून येणाऱ्या विद्यार्थ्यास हा सारा इतिहास दूरचा वाटण्याचा संभव आहे. तसा तो नाही. जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी वसविलेले बेथेल हे गाव याच मुलखातले, आणि शेषाद्रींनी १८७३ मध्येच न्यूयॉर्कच्या परिषदेत भाषण केले होते; रमाबाईंच्या आधी तेरा वर्षे. पण अधिक महत्त्वाची गोष्ट भाषेची आहे. गावच्या बोलीत ‘अनाथ’ हा शब्द देवाच्या संदर्भात ऐकू येतो. आईबाप गेलेल्या मुलाला ‘पोरका’ म्हणतात आणि त्याचे पुढे काय हे मामा, चुलता, आजी ठरवितात. ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ ही म्हण हसण्यासाठी वापरली जाते. तथापि घरातले आंधळे माणूस जात्यावर बसून आपला वाटा उचलीत होते, याचीही ती साक्ष आहे. पोरकेपण आणि अपंगत्व एकाच मुलाच्या वाट्याला आले म्हणजे मात्र आप्तांची ही साखळी तुटते, आणि तेथे संस्था येते. रमाबाईंच्या ग्रंथातील संस्थावर्णन हसनाबादच्या वाचकाने या तुटलेल्या जागेवर उभे राहून वाचावे. मग त्यातील मौन ऐकू येते.

हे मौन आजही संपलेले नाही. संपन्न देशांतील तरुण काही आठवड्यांसाठी परदेशच्या अनाथाश्रमांत सेवेस जातात, अपंग मुलांना कवटाळतात आणि परततात. जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालापासून लहान मुलास एकाच माणसाच्या सातत्याची किती गरज असते हे अभ्यासकांना ठाऊक आहे. रुमानियात १९८९ नंतर उघडकीस आलेल्या बालगृहांतील १३६ मुलांचा बुखारेस्ट येथे दीर्घ अभ्यास झाला. कुटुंबात ठेवलेली मुले संस्थेतल्या मुलांहून चांगली वाढली, आणि जी लवकर गेली ती अधिक, असे त्यात आढळले. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमांतील पर्यटनवजा स्वयंसेवेच्या अपायांकडे लक्ष वेधले. आपल्याकडे २०१५ च्या बालन्याय अधिनियमाप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण होताच मूल बालगृहातून बाहेर पडते. पुढचे अनुरक्षण मर्यादित काळाचे असते. मतिमंद किंवा बहुविकलांग मुलाच्या बाबतीत अठरा हा आकडा काय दर्शवितो, हे कायद्याच्या भाषेत कळणे कठीण. अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी हाच मुद्दा लावून धरला. त्यांनी सांभाळलेल्या अपंग, बेवारस मुलांच्या कागदोपत्री वडील म्हणून स्वतःचे नाव घातले आणि अठरानंतरही ही मुले आपल्या घरीच राहतील अशी मागणी सतत केली. २०२४ मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली. नाव दिल्यावर परतण्याची तारीख उरत नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे.

रमाबाईंच्या मौनाकडे पुन्हा वळले असता एक बाब नजरेस येते. दुष्काळात आईबापांना गमावल्याची, उपासमारीची, वणवण भटकण्याची कहाणी त्यांनी पुढे सविस्तर सांगितली. १९०७ मध्ये मुक्ती सदनातून निघालेल्या आत्मनिवेदनात ती येते. ते निवेदन इंग्रजीत आहे. देणगीदारांच्या भाषेत लेखिका पोरकी मुलगी म्हणून उभी राहते आणि स्वभाषेच्या वाचकापुढे संस्थांचा जमाखर्च मांडणारी पंडिता म्हणून. १८८३ चे इंग्लंडच्या प्रवासाचे मराठी पत्र या विभागणीस अंशतः अपवाद आहे, पण त्यातही बोलणारी स्त्री स्वतःच्या निर्णयाचे समर्थन करते, दया मागत नाही. मराठी समाजासमोर दीन दिसावयाचे नाही, हा निग्रह त्यामागे असावा. ज्या समाजाने विधवेस आणि विद्वान स्त्रीस कधी आधार दिला नाही त्याच्यापुढे आपले बहिरेपण आणि पोरकेपण मांडण्यात त्यांस कोणता लाभ दिसला असता? इंग्रजी वाचकापुढे मात्र त्यांनी ते मांडले, कारण केडगावच्या दोन हजार ताटांत अन्न त्यामुळे पडत होते.